आजारी जर्बिलला जोडीदारापासून वेगळं काढायचं का?

रंकाळाकाठ
दीड वर्षाचे दोन नर जर्बिल (उंदरासारखे छोटे पाळीव प्राणी) आहेत, एकाच वेताचे, ३ फुटी काचेच्या टाकीत. चार दिवस झाले, एक शिंकतोय. श्वास घेताना बारीक कटकट ऐकू येते, नाकाभोवती लाल डाग आहेत. वजन ७८ ग्रॅमवरून ७१ वर आलंय. दुसरा ठणठणीत आहे, याच्याच अंगावर झोपतो. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनचं पातळ औषध दिलंय, ०.०८ मिली दिवसातून दोनदा. दुकानदार म्हणतो लगेच वेगळं करा, नाहीतर दोन्ही जातील. करू का? आणि औषध पाण्याच्या बाटलीत घातलं तर चालेल का? खाली सुताराकडचा भुसा आहे.

बिळवाला
वेगळं करू नका. चार दिवस एका घरट्यात झोपलेत म्हणजे लागण व्हायची असेल तर एव्हाना झालीच असेल. आता तोडून मिळणार काहीच नाही, आणि जाणार बरंच. जर्बिल एकमेकांना वासावरून ओळखतात. एक-दोन दिवस लांब राहिले की तो वास पुसट होतो, आणि परत एकत्र ठेवल्यावर सख्खा भाऊही परका समजून फाडतो. शिवाय आजारी जिवाला शेजारच्या अंगाची ऊब लागते. एकटा पडला की खाणं आणखी कमी होतं.

म्हणून पुन्हा दाखवायला नेताना दोघांनाही न्या. भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा घ्या (पुठ्ठा वाटेतच कुरतडतील), त्यात घरट्यातलं मूठभर जुनं अंथरूण आणि पाण्याऐवजी काकडीची फोड टाका.

लाल डाग बहुधा रक्ताचे नाहीत. डोळ्यामागच्या ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचा लाल स्राव येतो, आजारात किंवा ताणात तो वाढतो आणि नाकाशी सुकतो. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने टिपून घ्या, खरवडू नका.

आता भुसा. तो आजच काढा. सुताराच्या भुशात प्लायवूडचा डिंक येतो, देवदार-पाइनचं तेल येतं आणि धूळ तर असतेच. औषध चालू आणि खाली तोच भुसा, मग कटकट थांबणार कशी? न छापलेला कागद पट्ट्या करून घाला, त्यात थोडं सुकं गवत मिसळा. घरट्याचा मऊ कागद-चिंध्यांचा गोळा मात्र तसाच ठेवा, सगळा वास एकदम गेला तर तेही भांडणाला निमित्त होतं.

पणतीतली_वाळू
बाटलीत औषध नको. आजारी पाणी कमी पितो, म्हणजे त्यालाच कमी मिळतं आणि धडधाकट भाऊ उरलेलं पितो. दूध-दह्यात कालवूनही देऊ नका, कॅल्शियममुळे डॉक्सिसायक्लिन अंगात नीट शोषलं जात नाही.

देताना छोट्या रुमालात गुंडाळा, डोकं वर. शेपटीला धरायचं नाही, कातडी सोलून हातात येते. पुढच्या दातांच्या मागे बाजूला फट असते, तिथून सिरिंजचं टोक घाला, एक थेंब सोडा, गिळू द्या, मग पुढचा. एकदम दाबलं तर औषध फुफ्फुसात जातं आणि आधीच बिघडलेल्या श्वासाची वाट लागते.

वजन रोज एकाच वेळी करा. ७८ चे ७१ म्हणजे ९ टक्के गेलेच. आणखी १-२ ग्रॅम उतरले तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १ ग्रॅमचा फरक भरवशाने कळत नाही, गुजरीत (कोल्हापूरच्या सराफ बाजारात) सोनार वापरतात तसला छोटा काटा बरा. भिजवलेले ओट्स, सोललेल्या सूर्यफुलाच्या २-३ बिया त्याला मांडीवर घेऊन भरवा आणि मग आत सोडा. टाकीत ठेवलं तर भाऊच फस्त करणार.

आणि ही ओली हवा. जर्बिल मंगोलियाच्या कोरड्या माळावरचा प्राणी, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टात भिंतीसुद्धा घामेजतात. टाकी भिंतीपासून लांब ठेवा, स्वयंपाकघरात तर नकोच. त्या खोलीत उदबत्ती, धूप, डासांची कॉइल बंद. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टाकीच्या एका टोकाला बाहेरून टेकवा. सगळ्या टाकीखाली ऊब नको, गरम झालं तर सरकायला जागा हवी.

उद्यमनगरी
बिळवाल्यांचं बरोबर, पण सरसकट नव्हे. ढाळ लागली, शेपटीखाली ओलं दिसलं, तर गोष्ट वेगळी. टायझर्स नावाच्या आजाराला जर्बिल फार लवकर बळी पडतात, त्याचे जंतू बीजाणू होऊन अंथरुणात टिकतात. तेव्हा जुनं अंथरूण राखायचं नाही, सगळं टाका आणि दोघांनाही त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

दुसरा अपवाद म्हणजे भाऊच पाठलाग करायला लागला, चावला, घरट्यातून हाकलला तर. तेव्हाही दुसऱ्या खोलीत नेऊ नका. टाकीच्या मधे जाळीचा पडदा बसवा. भोकं पाव इंची म्हणजे ६ मिमी, त्याहून मोठी नकोत, नाक आत घालून चावतात. उद्यमनगरात (कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत) मापाने कापून, कडा वळवून मिळेल. पडदा तळापर्यंत टेकला पाहिजे, खालून उकरतात. दिवसातून २-३ वेळा दोघांच्या बाजू बदला. जाळीला टेकून झोपायला लागले, चावणं थांबलं की एकत्र करायचं. त्याला साधारण एक ते दोन आठवडे जातात. गोल गोळा होऊन भिडले तर हात घालू नका, मधे वाडगं घाला.

रंकाळाकाठ
भुसा काढला. घरात इन्सुलिनची सिरिंज आहे, नारिंगी टोपणाची. ०.०८ म्हणजे ८ रेघा ना?

पणतीतली_वाळू
नारिंगी टोपण म्हणजे यू-१००, तिच्यावरचा १ युनिट ०.०१ मिली, म्हणून ८ युनिट बरोबर. पण काही सिरिंजवर एक रेघ २ युनिटची असते, तेव्हा रेघा मोजू नका, आकडा बघा. लाल टोपणाची यू-४० घेतलीत तर तेच ८ युनिट ०.२ मिली होतात, अडीचपट. आणि नारिंगीची सुई बहुतेक वेळा निघत नाही, ती तोंडाजवळ नेऊच नका. औषधाच्या दुकानातून साधी १ मिलीची, सुई निघणारी सिरिंज आणा. सुई काढून टाका आणि ०.१ च्या खुणेच्या दोन बारीक रेघा अलीकडे थांबा.