ब्लॅडर वारंवार वरच्या टोकाला फाटतो: मोठा अ‍ॅक्युम्युलेटर घ्यावा का?

क्लॅम्पवाला
क्लॅम्पिंग सर्किटवर 10 लिटरचा ब्लॅडर अ‍ॅक्युम्युलेटर उभा बसवलेला आहे, म्हणजे दाबाखाली तेल साठवणारी बाटली; आत नायट्रोजन भरलेली रबरी पिशवी, तीच ब्लॅडर. पंप 180 बारला अनलोड होतो (तेल ढकलणं थांबवतो), 140 ला परत लोड. क्लॅम्प बसताना दोन सेकंदांत साधारण 1 लिटर तेल लागतं, पण दर वेळी दाब 140 च्या खाली जातो. चार महिन्यांत दुसरा ब्लॅडर गेला. भोक वर, गॅस व्हॉल्व्हच्या देठाजवळ. थंड मशीनवर नायट्रोजन 40 बार भरतो, तेल 55 अंशांपर्यंत तापतं. 20 लिटरचा घेऊ का?

दाबमापक
नका घेऊ. भोकाची जागाच कारण सांगते आहे. 40 बार प्रीचार्ज (बाटलीत तेल नसताना भरलेला गॅसचा दाब) आणि 180 बार कमाल दाब म्हणजे साडेचार पट. ब्लॅडरसाठी 4 पटींच्या आतच राहायचं. 180 बारला तो 10 लिटर गॅस सव्वादोन-अडीच लिटरमध्ये कोंबला जातो, रबराच्या घड्या पडून ब्लॅडर वरच्या टोकाशी चेपतो आणि देठावर घासतो. प्रीचार्ज फार जास्त असता तर खूण खाली दिसली असती, पॉपेटनं (तळाच्या तेलाच्या तोंडावरची झडप) चिमटा घेतल्यासारखी.

तेल साठवायचं असेल तर प्रीचार्ज किमान दाबाच्या 0.9 पट धरा: 140 × 0.9 = 126 बार. आता हिशेब. गेजच्या आकड्यात हवेच्या दाबाचा 1 मिळवायचा. पंप सावकाश भरतो, म्हणून 180 ला गॅस 10 × 127 ÷ 181 = 7.0 लिटर. क्लॅम्प झटक्यात तेल ओढतो, म्हणून तिथे घातांक 1.4 धरायचा: 181 ÷ 141 चं 1.4 वं मूळ 1.195. गॅस 8.4 लिटर होतो, म्हणजे सुमारे 1.37 लिटर तेल मिळतं. हाच हिशेब 40 बारवर केला तर मिळतं जेमतेम 0.44 लिटर. बाटली तीच, तेल तिप्पट.

नळीजोड
दाबमापक यांच्या उत्तरात एक भर. 126 बार हा आकडा 55 अंशांचा. 20 अंशांना भरताना (अंशांत 273 मिळवून) 127 × 293 ÷ 328 = 113, वजा 1, म्हणजे गेजवर 112 बार. थंड मशीनवर थेट 126 भरलात तर तापल्यावर तो 141-142 बार होईल आणि 140 ला ब्लॅडर पॉपेटवर बसेल. 112 वर थंड असतानाही 1.2 लिटरच्या आसपास तेल मिळतं, तुमची गरज भागते.

क्लॅम्पवाला
समजलं. नवा ब्लॅडर बसवताना काय सांभाळायचं?

नळीजोड
आधी ब्लीड व्हॉल्व्हनं (तेल सोडायचा व्हॉल्व्ह) तेलाचा दाब शून्यावर आणा, मग गॅस पूर्ण सोडा. गॅस व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर तेल आलं तर ब्लॅडर फुटलेलाच समजा.

शेल (बाटलीचं धातूचं कवच) आतून पुसा, धातूचा कीस राहू देऊ नका. त्याच सिस्टिमचं स्वच्छ तेल आकारमानाच्या सुमारे दहावा भाग, म्हणजे इथे 1 लिटर, आत ओतून सगळीकडे फिरवा. कोरडा ब्लॅडर शेलला चिकटतो आणि पीळ पडतो. ब्लॅडर घडी घालून आत ढकला. पॉपेट असेंब्लीची ओ-रिंग नवीच टाका.

इथेच सर्वाधिक ब्लॅडर वाया जातात: नायट्रोजन एकदम सोडणं. पहिले 2 बार अगदी थेंबाथेंबानं, रेग्युलेटर जरासाच उघडून भरा, ब्लॅडर उलगडून पॉपेट बंद होईपर्यंत. घाईत सोडलेला थंड गॅस रबर कडक करतो आणि ब्लॅडर उघड्या पॉपेटमध्ये घुसतो. पूर्ण भरल्यावर अर्धा तास थांबून परत मोजा. गॅस फक्त कोरडा नायट्रोजन. हवा किंवा ऑक्सिजन तेलाच्या वाफेशी स्फोट करू शकतो. शेलवर वेल्डिंग कधीही नाही.

दाबमापक
पहिल्या आठवड्यात एकदा, मग तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी प्रीचार्ज तपासा. गॅसचा दाब मोजायचं किट नसेल तर पंप बंद करा आणि ब्लीड व्हॉल्व्ह जरासाच उघडून तेलाचं गेज बघत राहा. काटा सावकाश उतरतो आणि एका आकड्यावरून धाडकन शून्याला जातो. तो आकडा म्हणजे त्या वेळचा प्रीचार्ज. 112 च्या जागी 100 दिसला तर गळती शोधायला आधी गॅस व्हॉल्व्हच्या पिनवर साबणाचं पाणी लावा.