मदत हवी आहे: गर्दीच्या वेळी फिश अँड चिप्सचं आवरण मऊ पडतंय

लीड्समधल्या आमच्या छोट्या रेस्टॉरंटबद्दल गिऱ्हाईकं दोन टोकांचं बोलतात. दुपारचे लोक हॅडॉक माशाच्या कुरकुरीत आवरणावर खूश. शुक्रवारी रात्री मात्र तेच तेलकट, आतून चिकट निघतं.

मासा टिपून, कोरडा मैदा लावून मैदा-बीअरच्या थंडगार पिठात बुडवतो. तेल १८० अंशांवर असतं, पण १७० ग्रॅमचे दोन तुकडे सोडले की १६० च्या खाली उतरतं आणि लवकर चढत नाही. खरं दुखणं हेच असावं. तेल बदललं, तळलेले तुकडे कागदाऐवजी जाळीवर निथळले. खालची बाजू सुधारली, तेलकटपणा तसाच.

फ्रायर ८ लिटरचा, विजेच्या जोडणीमुळे मोठा बसवता येत नाही. आमच्या यॉर्कशर भागात तळायला बीफ ड्रिपिंग (गोमांसाची वितळवलेली चरबी) सर्रास वापरतात, पण आमच्याकडे ते चालणार नाही. सूर्यफूल तेलच हवं. चिप्सचा फ्रायर वेगळा आहे.

अशात तुकडे १२० ग्रॅमचे करावेत, की तेल १९० वर नेऊन मासा सोडावा? १९० ला आत शिजण्याआधी आवरण करपेल का?