बाजाराची पाठ आणि आमचं मागचं दार : हद्दीच्या नियमांत नेमकं काय मागायचं?

उंबरठा

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमच्या मागच्या दारासमोर चार मीटर रुंदीची गल्ली आहे. गल्लीच्या या अंगाला घरं, त्या अंगाला मुख्य बाजाररस्त्यावरच्या इमारती. त्यांचं तोंड रस्त्याकडे, पाठ आमच्याकडे. आजवर त्या दोन मजली होत्या. आता त्या पट्ट्यासाठी नव्या डिझाइन मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा आलाय, हरकती-सूचनांना पंधरा दिवस उरलेत आणि रहिवासी समितीने मसुदा वाचायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. मी हिशेबनीस आहे. आकडे कळतात, विशेषणं कळत नाहीत.

मसुदा म्हणतो: इमारतीची उंची जास्तीत जास्त १८ मीटर. घरांच्या हद्दीवर ९ मीटर उंचीवरून ४५ अंशांची एक तिरकी रेषा निघते, इमारतीने तिच्याखाली राहायचं, म्हणजे वरचे मजले मागे मागे सरकणार. हद्दीलगत ३ मीटरचा झाडांचा पट्टा आणि २ मीटरची भरीव भिंत. शेवटी एक वाक्य, की इमारतीचा मागचा भाग 'लगतच्या निवासी परिसराशी सुसंगत' असावा. बस्स, मागच्या भागाबद्दल एवढंच.

समितीतले सगळे उंचीवर तुटून पडलेत. १८ चे १२ करा म्हणतात. मला मात्र त्रास होतो तो आत्ताच्या दोन मजली इमारतींचा. पहाटे पावणेसहाला मालाची गाडी गल्लीत उलटी येते, टीं टीं टीं करत. भिंतीवरचा एक मोठा पंखा दिवसभर घरघरतो. रात्री तो बंद होतो तेव्हा कळतं की इतका वेळ आपण खांदे ताठ धरून बसलो होतो. आणि सुरक्षेसाठी म्हणून लावलेला एक दिवा आहे, त्याच्या उजेडाचा चौकोन माझ्या झोपायच्या खोलीच्या भिंतीवर पडतो, खिडकीच्या गजांसकट. पलंग दोनदा हलवला. चौकोन काही हलला नाही.

यातलं काहीच उंची कमी केल्याने जाणार नाही, असं मला वाटतं. चुकतेय का? आणि चुकत नसेन तर हे नियमाच्या भाषेत मागायचं कसं?

रिकामटेकडा

घर विका, मोकळे व्हा.

जुना आराखडा

ताई, चुकत नाही आहात. असले मसुदे लिहिण्यात माझी हयात गेली, म्हणून थोडी कबुलीही देतो: 'सुसंगत' हा शब्द मीही पुष्कळ वापरला. बैठक संपवायची असली की तो कामी येतो. बिल्डरला अडवत नाही, रहिवाशांना बरं वाटतं आणि परवानगी देणाऱ्याला हवं ते करता येतं. हिशेबनिसांनी तो खोडून तिथे आकडा मागावा, हे उत्तम.

पण त्याआधी नकाशा उघडा आणि निवासी आणि वाणिज्य विभागांमधली रेषा कुठून जाते ते पाहा. मागच्या गल्लीतून जात असेल तर ठीक. रस्त्याच्या मधून जात असेल तर गडबड आहे. रस्त्याच्या दोन्ही तोंडांना सारख्या जातीच्या इमारती असाव्यात आणि बदल व्हायचा तो पाठीला पाठ लागते तिथे व्हावा, हा जुना शहाणपणाचा नियम. रेषा रस्त्याच्या मधोमध ओढली की एका बाजूच्या घरांच्या पुढच्या दारासमोर पार्किंगचं तोंड येतं, आणि मग कितीही झाडं लावा, उपयोग नसतो. रेषा ओढणाऱ्याला रस्ता सोयीचा वाटतो, कारण तो नकाशावर आधीच छापलेला असतो.

दुसरं, तिरकी रेषा. ती नेमकी कुठून मोजायची हे मसुद्यात आहे का? 'घरांची हद्द' म्हणजे तुमच्या कुंपणाची कड, गल्लीचा मध्य, की पलीकडची कड? गल्ली ४ मीटर आणि कोन ४५ अंश असेल तर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर गेल्याने ४ मीटर उंचीचा फरक पडतो. म्हणजे एक मजला. त्या एका शब्दावर मजला मिळतो किंवा जातो, आणि तो शब्द बहुतेकदा मसुद्यात नसतोच.

आता ४५ अंशच का? सरळ आखता येतो म्हणून, दुसरं कारण मला तरी सापडलं नाही. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती वर असतो हे अक्षांशावर ठरतं: ९० मधून अक्षांश वजा करा, त्यातून आणखी २३.५. विसाव्या अक्षांशावर ४६.५ अंश येतात, पंचेचाळिसाव्यावर २१.५. तुमच्या मसुद्यातली १८ मीटरची इमारत हद्दीपासून ३ मीटर आत, सरळ उभी धरा. विसाव्या अक्षांशावर त्या दिवशी दुपारी तिची सावली हद्दीच्या अलीकडे, तुमच्या बाजूला, सुमारे १४ मीटर येते. तिरक्या रेषेखाली बसवली तर साडेआठ. फायदा आहे. हेच पंचेचाळिसाव्या अक्षांशावर करा: सरळ इमारतीची सावली ४२ मीटरच्या पुढे, तिरक्या रेषेखालची ३६ च्या पुढे. म्हणजे वरचे मजले मागे सारायला लावून सहा मीटर ऊन मिळवलं आणि घर तरी सावलीतच. एका गावचा कोन दुसऱ्या गावच्या नियमात उतरवला की असं होतं. शिवाय इमारती तुमच्या कुठल्या दिशेला आहेत? उत्तर गोलार्धात त्या घरांच्या उत्तरेला असतील तर हिवाळ्यात दुपारची सावली तुमच्याकडे येतच नाही. चारही बाजूंना एकच आकडा लावणारा नियम वाचला की मी समजतो, हा खुर्चीत बसून लिहिलाय.

सावलीच्या बाबतीत जपानचा नियम मला सर्वांत सरळ वाटतो. तिथे १९७६ च्या कायदादुरुस्तीपासून इमारतीच्या आकाराच्या नियमांच्या जोडीला सावलीचे तासही मोजतात. हिवाळी अयनदिनी, म्हणजे त्याच सर्वांत लहान दिवशी, सकाळी ८ ते दुपारी ४, हद्दीपासून ५ आणि १० मीटरवरच्या रेषांपलीकडे किती तास सावली चालेल, याची मर्यादा. वाणिज्य विभागाला हा नियम लागू नाही. पण तिथली १० मीटरहून उंच इमारत हा नियम लागू असलेल्या शेजारच्या निवासी विभागावर सावली टाकत असेल, तर ती जणू त्या निवासी विभागातच आहे असं धरून तपासतात. इमारत कुठे उभी आहे याला महत्त्व नाही, सावली कुठे पडते याला आहे. तुमची गल्ली म्हणजे नेमका हाच प्रसंग.

जाता जाता, हे सगळं समोरच्या बाजूवर का अडकून पडतं त्याचं एक कारण. न्यूयॉर्कचा १९१६ चा झोनिंगचा, म्हणजे विभाग पाडून कुठे काय बांधायचं हे ठरवणारा नियम आला तो १९१५ मध्ये पुरी झालेली अवाढव्य इक्विटेबल इमारत डोळ्यांत खुपत असताना, आणि पायऱ्यापायऱ्यांच्या इमारती आल्या त्या मुख्यतः रस्त्यावर उजेड पोचावा म्हणून. मग १९२६ मध्ये युक्लिड नावाच्या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग उचलून धरलं. त्या निकालात उपद्रवाची व्याख्या करताना डुकराचा दाखला आहे: गोठ्याच्या अंगणाऐवजी दिवाणखान्यात आलेलं डुक्कर, म्हणजे चुकीच्या जागी आलेली योग्य गोष्ट. दाखला झकास आहे, पण त्यातून सगळ्यांनी एवढंच उचललं की कुठली वस्तू कुठल्या खोलीत. दिवाणखाना आणि गोठा यांच्यामधलं दार कसं असावं, हा विचार मागेच राहिला.

शटर अर्धं वर

मी त्या पलीकडच्या पाठीतला माणूस. दुकान आहे, आणि दुकानाच्या मागे अशीच गल्ली आहे. रागावू नका, पण आमचंही ऐका.

३ मीटरचा झाडांचा पट्टा मोठ्या भूखंडाला परवडतो. आमच्यासारख्या उथळ, म्हणजे पुढून मागपर्यंत कमी लांबीच्या, भूखंडात तीच माल उतरवायची जागा असते. ती गेली की गाडी पुढच्या रस्त्यावर उभी राहणार आणि फुटपाथ अडणार. त्याच फुटपाथवरून तुम्ही येता. मग तुम्हीच तक्रार करणार.

आमच्याकडे अशी भरीव भिंत घातली आहे. नियमाप्रमाणे, अखंड. पूर्वी मागच्या घरांतली माणसं बोळातून दोन मिनिटांत यायची, आता कोपऱ्याला वळसा घालून यावं लागतं. म्हातारी माणसं यायची थांबली. भिंतीजवळ आता कोणाचीच नजर नसते, तिथे कचरा साठतो. भिंत मागा, पण तिच्यात माणूस जाईल एवढं फाटक मागा.

पहाटेच्या गाडीचं म्हणाल तर वेळ ठरवून द्या, आम्ही पाळू. सात म्हणा. पण सगळ्यांना एकच वेळ हवी. मी सातला आणि शेजारी पाचला, असं चालणार नाही. कचऱ्याच्या पेट्या इमारतीच्या आत, दाराआड ठेवायचा नियम करा. आमच्याच दाराशी वास येतो, आम्हाला काय आवडतो काय?

जुना आराखडा

फाटकाचा मुद्दा शंभर टक्के. उथळ भूखंडांना पट्टा कमी आणि त्याबदल्यात उंच भिंत, असा पर्याय नियमातच लिहून ठेवावा. नाहीतर प्रत्येक जण सवलतीचा अर्ज करतो आणि सवलत हाच नियम होऊन बसतो.

कानोसा

ध्वनिमापन हा माझा धंदा आहे, म्हणून फक्त आवाज आणि दिव्यापुरतं लिहितो.

झाडांचा पट्टा डोळ्यांसाठी. तीन मीटर झाडांनी आवाज अडत नाही. पंख्यासारख्या एका जागच्या आवाजाचं मोकळ्यात साधं गणित असतं, अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी. तीन मीटरवर ६० असेल तर सहावर ५४, बारावर ४८. तीन मीटर वाढवून मिळतील ते एवढेच. पंखा मुळात शांत घेतला, किंवा त्याचं तोंड रस्त्याकडे वळवलं, तर त्याहून जास्त मिळतं.

भिंत तेव्हाच काम करते जेव्हा ती आवाजाची जागा आणि तुमचा कान यांच्यातली सरळ नजर तोडते. २ मीटरची भिंत जमिनीवर उभ्या माणसासाठी ठीक. ताईंची खिडकी वरच्या मजल्यावर असेल तर त्यांना पंखा भिंतीवरून सरळ दिसतो. दिसतो म्हणजे ऐकू येतो. म्हणून मर्यादा लिहिताना 'हद्दीवर' एवढंच लिहू नका, 'आणि सर्वांत जवळच्या निवासी खिडकीपाशी' हे जोडा. 'रात्री' हेही. आणि 'सर्व यंत्रं एकाच वेळी चालू असताना', नाहीतर मोजायला येतात त्या दिवशी निम्मी बंद असतात. हे मी स्वतः पाहिलंय, त्याहून जास्त बोलत नाही.

मोठी यंत्रं गच्चीवर जातात, कारण तिथे जागा फुकट असते. त्यांना रस्त्याच्या बाजूच्या अर्ध्या भागातच जागा द्या आणि भोवती यंत्राहून उंच आडोसा मागा. जाळीचा नव्हे, भरीव.

उलट्या येणाऱ्या गाडीच्या टीं टीं ला पर्याय आहे, खरखर असा आवाज करणारा इशारा. तो जवळच्याला नीट कळतो, लांबवर कमी टोचतो. पण गाड्या बाहेरून येतात, त्यांच्यावर इमारतीचा नियम चालत नाही. त्यापेक्षा गाडी सरळ आत येऊन सरळ बाहेर पडेल अशी जागा आखायला लावा. उलटी यायचं कारणच राहणार नाही.

दिवा: वरून पूर्ण झाकलेला, उजेड फक्त खाली टाकणारा, ३००० केल्विन किंवा त्याहून कमी, म्हणजे पिवळट. खांब ठेंगणा. बल्ब खिडकीतून थेट दिसता कामा नये, ही एक ओळ लिहिली तरी अर्धं काम होतं.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी मोजपट्टी घेऊन गल्लीत गेले. समितीतले दोघे 'काय चाललंय' बघायला आले आणि पट्टीचं दुसरं टोक धरून उभे राहिले.

गल्ली ४ मीटर नाही, ३.७० आहे. पंखा माझ्या खिडकीपासून साडेसात मीटरवर, आणि हो, भिंतीवरून सरळ दिसतो. नकाशाही पाहिला. आमच्या मागे रेषा गल्लीतून जाते, पण टोकाला ती वळते आणि बाजूच्या रस्त्याच्या मधोमध धावते. तिथल्या अकरा घरांच्या पुढच्या दारासमोर वाणिज्य विभाग येतो. त्या अकरांपैकी एकही जण समितीत नाही. काल रात्री दोन घरी जाऊन आले, आज उरलेल्यांकडे जाणार.

इमारती आमच्या दक्षिणेला आहेत, म्हणजे सावली आमच्याकडेच. त्यामुळे उंचीवर भांडणारे अगदीच चुकीचे नव्हते, हे मला कबूल करावं लागलं. '१८ चे १२' सोडून सावलीच्या तासांची मर्यादा मागायची यावर शेवटी सगळे आले. एका काकांनी विचारलं, तास मोजणार कोण? परवानगीच्या नकाशांबरोबर अयनदिनाचा सावलीचा नकाशा जोडणं अर्जदारावर बंधनकारक, असं त्याखाली लिहिलं.

मसुद्यावरच्या सूचना दीड पानात बसल्या. 'सुसंगत' खोडला. त्याजागी खिडकीपाशी मोजायचा रात्रीचा आवाज, झाकलेला दिवा, गच्चीवरच्या यंत्रांची जागा, आत ठेवायच्या कचरापेट्या, सकाळी सातच्या आधी माल नाही, आणि कोन आमच्या कुंपणाच्या कडेवरून मोजायचा हे स्पष्ट शब्दांत. उथळ भूखंडांचा पर्यायही घातला, तो वाचून दोघांनी मला 'तुम्ही कोणाच्या बाजूने' असं विचारलं.

फाटक सगळ्यांना हवंय. ते रात्री कितीला बंद करायचं आणि किल्ली कोणाकडे, यावरून समितीच्या गटावर काल रात्रीपासून त्रेसष्ट संदेश आलेत.