चढ −4 आणि चढ 3 : ‘जास्त चढाची’ रेषा कोणती?

खडूफळा : दहावीच्या प्रश्नसंचाचं मराठीकरण चालू आहे, तिथे ‘स्टीप’ला मराठी शब्द सापडत नाही म्हणून अडलंय. अ रेषा (2, 3) आणि (6, −13) मधून जाते, ब रेषेचा चढ 3. जास्त स्टीप कोणती? अ-चा चढ (−13 − 3) ÷ (6 − 2) = −4. स्टीपपणा चिन्ह सोडून बघायचा, म्हणून उत्तर अ. पण ‘जास्त चढाची रेषा’ लिहिलं की मुलं −4 आणि 3 ताडून ब लिहिणार, आणि शब्द पाहता त्यांचं चूक नाही.

सह्यवाट : ‘खडी’. खडी चढण, खडा उतार, दोन्हीकडे चालतं.

शुद्धमती : खडी रस्त्यावर टाकतात. हा हिंदीतला ‘खडा’. मराठीत उभा चढ आहे की!

खडूफळा : ‘उभी रेषा’ य-अक्षाला समांतर रेषेसाठी आधीच वापरलंय. तिथे क्ष-मधला फरक 0, शून्याने भागता येत नाही, म्हणून चढ ठरतच नाही. ‘अधिक उभी’ने नवा घोळ होईल.

ओळंबा : गवंड्यांचा ‘ढाळ’ घ्या. त्याला चिन्हच नसतं. गच्चीला शंभरास एक ढाळ म्हणजे 3 मीटरला 3 सेंटीमीटर. पाणी कुठल्या कोपऱ्यात न्यायचं ते वेगळं सांगतात.

शुद्धमती : ‘या रेषेला ढाळ जास्त’? वर्ग तास संपेपर्यंत हसेल.

रूळ : शब्द कुठलाही घ्या, दोन्ही रेषा एकाच आलेखावर आहेत हे प्रश्नात घाला. भोर घाटात रेल्वेचा चढ 37 ला 1, म्हणजे 2.7 टक्के, कोन जेमतेम दीड अंश. मार्गाचा छेद, म्हणजे बाजूने दिसणारं चित्र, काढताना उंचीचं प्रमाण दहापट ताणलं की तोच कागदावर 15 अंशांचा दिसतो. चढ मात्र 1/37 च. 45 अंशांची रेषा म्हणजे चढ 1, हेसुद्धा दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं असेल तरच.

बाजारभाव : अर्थशास्त्रात ‘ऋण उतार’ म्हणतात. उतार मुळातच ऋण, मग ऋण उतार म्हणजे चढ का?

सह्यवाट : मग गणितातला ‘ऋण चढ’ तरी काय वेगळा!

खडूफळा : तो ‘चढ’ नुसता पारिभाषिक, राहू द्या. अडलंय ते स्टीपवर. शिवाय मुलं वर य₂ − य₁ आणि खाली क्ष₁ − क्ष₂ घेतात, म्हणजे −16 ÷ −4, उत्तर +4. या प्रश्नात तरीही अ-च येतं आणि चूक झाकली जाते. म्हणून चढ वेगळा लिहायला सांगणार आहे.

ओळंबा : ‘तीव्र’ चालेल? तीव्र उतार रस्त्याच्या पाट्यांवर असतोच.

शुद्धमती : तीव्र वेदना असतात. रेषा तीव्र कशी?

रूळ : आणि तीव्र कोन म्हणून ठेवलाय कुणीतरी? तो लघुकोन ना?

बाजारभाव : हिंदीत न्यूनकोण. पण ‘चढाव’ मराठी की हिंदी, ते सांगा आधी. आपल्याकडे चढ-उतार, त्यांच्याकडे उतार-चढाव.

सह्यवाट : चढाव म्हणजे पायातलेही असतात.