आजोबांचा दिवस, घरच्या कुत्र्याने पाहिलेला (अनुभव लिहा)

धागाकर्ती

गेल्या रविवारी वाईच्या घराचा माळा आवरताना नानांची वेताची काठी हाती लागली. तिची मूठ हाताळून गुळगुळीत झालेली आहे आणि खालच्या टोकापासून वीतभर उंचीवर बारीक दातांच्या खुणा आहेत. त्या आमच्या कुत्र्याच्या, मोत्याच्या आहेत. त्या पाहिल्यावर काम बाजूला ठेवून मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. आम्ही नानांचा दिवस त्यांच्या चेहऱ्यावरून आणि आवाजावरून ओळखत होतो. मोत्याने तो जन्मभर गुडघ्याच्या उंचीवरून पाहिला, आणि मला वाटते, आमच्यापेक्षा नीट पाहिला.

नाना निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. ८३व्या वर्षीही पहाटे पाचला उठून ते तपकिरीची पहिली चिमूट घेत. डबीचे झाकण उघडल्याचा आवाज घरात कोणाला ऐकू येत नसे, पण ओसरीवरचा मोती त्याच क्षणी शेपटी जमिनीवर आपटू लागे. मग दोघे कृष्णेच्या घाटावर जात. नाना स्नान करीपर्यंत धोतर, काठी आणि पंचपात्र मोत्याच्या ताब्यात असे. तो पाणी पोहोचणार नाही अशा पायरीवर बसून राही आणि ओळखीच्या माणसालाही त्या वस्तूंना हात लावू देत नसे. ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन परत आल्यावर पुणे केंद्रावरच्या ७ वाजून ५ मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या लागत. बातम्या संपता संपता मोती उठून मागच्या दाराशी जाऊन उभा राही, कारण त्यानंतर नाना परड्यात उतरणार, अळूला पाणी घालणार आणि भेंडीच्या वाफ्यात खुरपे चालवणार, हे त्याला पाठ होते. संध्याकाळी फिरायला निघायला नानांना उशीर झाला, की तो कोपऱ्यातली काठी खालच्या टोकाला धरून ओढत त्यांच्या पायापाशी आणून ठेवी. त्या खुणा या रोजच्या बोलावण्याच्या आहेत.

शेवटच्या वर्षी मोती घाटाच्या वाटेवर पहिल्या वळणाला थांबून मागे पाहू लागला. मग दुसऱ्या वळणालाही थांबू लागला. तो म्हातारा झाला, असे आम्ही म्हणत होतो. प्रत्यक्षात नानांचे पाऊल आखूड झाले होते; डॉक्टरांनी हृदयाचे निदान केले ते त्यानंतर तीन महिन्यांनी.

तुमच्या घरच्या आजोबांचा दिवसही कोणी असा पाहिला असेल, तर जरूर लिहा.

पोफळी

आमच्याकडे सगळे वानरांभोवती फिरत असे. गुहागरजवळच्या आमच्या वाडीत नारळ-पोफळीची बाग आहे, आणि ज्यांनी वानरांचा कळप शहाळी फोडून, कोवळी फळे कुरतडून टाकताना पाहिला आहे, त्यांना राखण म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. आजोबांनी ७५व्या वर्षी माडावर चढणे सोडले, पण खालची सगळी कामे त्यांच्याकडेच होती: पडलेल्या सुपाऱ्या वेचणे, झावळ्या ओढून आणणे, आळ्यांतली माती सारखी करणे आणि पाटाचे पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवणे. आमचा कुत्रा खंड्या त्यांच्या पुढे दहा पावले असे आणि त्याचे लक्ष सतत वर असे. आजोबांना तोवर कमी ऐकू येऊ लागले होते. झावळ सुटण्यापूर्वी वर जो करकर आवाज होतो, तो खंड्याला आधी ऐकू येई, आणि तो आजोबांच्या पुढ्यात आडवा उभा राहून भुंके. सुकी झावळ उंचावरून डोक्यात पडली, तर काय होते ते आमच्या शेजारघरी आम्ही पाहिले आहे. आजोबा त्याच्यावर कधी रागावले नाहीत. तो आडवा आला की तेही जागच्या जागी थांबत.

रात्री मात्र नेमके उलटे असे. बिबट्याच्या भीतीने खंड्याला पडवीच्या आत घेऊन कडी लावण्याचे काम आजोबा दुसऱ्या कोणावर सोपवीत नसत, आणि कडी लावल्यावर ती एकदा ओढून पाहत.

अडकित्ता

तपकिरीबद्दल वाचले आणि पुढचे वाचण्याआधीच लिहायला बसलो. आमच्या आप्पांची डबी उघडली की आमचा राजा तीन वेळा शिंकत असे, तरीही त्याने त्यांच्या पायाशी असलेली जागा कधी बदलली नाही. आजीने ती डबी अजून ठेवली आहे.

माणदेशी

माझे आजोबा धनगर. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर माणात परतायचे, असे त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे केले. ७८व्या वर्षीही ते दिवसभर मेंढरांबरोबर चालत, संध्याकाळी एखाद्याच्या शेतात मेंढरे बसवीत आणि खताच्या बदल्यात मिळालेले धान्य मोजून घेत. आमच्याकडे कुत्रे लाडाचे नव्हते. त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असे, कारण लांडगा किंवा बिबट्या आधी गळाच धरतो. त्याने आजोबांकडे कसे पाहिले असेल, याचा विचार मी आज पहिल्यांदा केला. बहुधा त्याने त्यांना फार वेळा समोरून पाहिलेच नसेल. कळपाच्या पुढे आजोबा आणि मागे तो, मध्ये तीनशे मेंढरांची धूळ, आणि त्या धुळीपलीकडून येणारी त्यांची शीळ; एवढ्यावरच त्यांचा व्यवहार चाले. रात्री आजोबा घोंगडी अंथरत, तेव्हाच दोघांत हातभराचे अंतर उरे. भाकरी थापून झाली की पहिली चतकोर त्याची, मग इतरांची. या क्रमात उपासाच्या दिवशीही कधी फरक पडला नाही.

हळद

माणदेशी यांनी भाकरीचे लिहिले म्हणून माझा अनुभव सांगते. आमचे दादा रोज पहाटे किटली घेऊन दूध संकलन केंद्रावर जात, रांगेत थांबत, फॅटची चिठ्ठी घेत आणि तिथून परस्पर हळदीच्या रानात जात. वाघ्या बरोबर असेच. न्याहारीला कांदा-भाकरी असे, आणि आपण खातो त्यातले त्याला द्यायचे हा दादांचा नेम असल्यामुळे कांद्याची फोडही दिली जाई. पुढे वाघ्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि तो बांधावरच बसून राहू लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले की कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि लसूण व द्राक्षेही त्याला देऊ नयेत. दादांना त्या गोष्टीचा फार त्रास झाला. वाघ्या बरा झाला, पण त्यानंतर दादांनी रानात कांदा नेलाच नाही. आयुष्यभराची सवय त्यांनी ८० वर्षांचे असताना एका दिवसात सोडली, आणि भाकरीचा कोरडा तुकडा ते त्याच्याबरोबर वाटून खात राहिले. ही माहिती घरातल्या मोठ्यांना सांगा, कारण मायेपोटीच हे घडते.

चौथा मजला

धागाकर्तीताई, तुमच्या मोत्याच्या वळणांबद्दल वाचून अंगावर काटा आला. आमची लॅब्रॅडोर माझ्या हातात पट्टा असला की मला रस्त्यावरून अक्षरशः ओढत नेते. बाबांच्या वडिलांच्या हातात पट्टा आला की तोच पट्टा सैल पडतो. हे तिला कोणी शिकवलेले नाही. अण्णा ८८ वर्षांचे आहेत आणि डाव्या हातात काठी असल्यामुळे पट्टा त्यांच्या उजव्या हातात असतो. ती त्यांच्या उजवीकडून, त्यांच्या काठीच्या ठोक्याला ठोका देत चालते. लिफ्टचे दार उघडले की आधी आत जात नाही. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीला तीन फेऱ्या मारल्यावर अण्णा बाकावर बसून वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवतात, आणि पेनाचे टोपण लावल्याचा आवाज आला की ती उठते. पूर्वी हे दोघे वेताळ टेकडीवर जात असत. मागच्या वर्षी आम्ही तिला एकटीलाच टेकडीवर नेले, तर ती चढाच्या सुरुवातीला बसून राहिली.

ओसरी

आमच्याकडे आधी कुत्रा गेला. आबा तेव्हा ८१ वर्षांचे होते. आता त्यांचे फिरणे थांबेल, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीच्या वेळी निघाले, आणि त्यांच्या नकळत मी थोडे अंतर ठेवून मागे गेलो. विजेच्या खांबापाशी, नंतर पिठाच्या गिरणीच्या कट्ट्यापाशी, मग वडाच्या बुंध्यापाशी ते थांबले, आणि प्रत्येक ठिकाणी कुत्र्याला वास घ्यायला जेवढा वेळ लागत असे तेवढा वेळ उभे राहिले. पुढची चार वर्षे त्यांनी त्यातला एकही थांबा गाळला नाही.

माणदेशी

ओसरी, हे मी आईला वाचून दाखवले. धागाकर्तीताई, त्या काठीचे आता काय करणार आहात?

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. हळद, कांद्याची गोष्ट मलाही ठाऊक नव्हती. आजच आत्याला फोन करून सांगितली. माणदेशी, काठी पुसून, थोडे तेल लावून मागच्या दाराशी नानांच्या जुन्या कोपऱ्यात उभी केली आहे. मूठ चमकू लागली आहे. खालच्या टोकाला मात्र मी तेल लावलेले नाही.