अल्बमच्या चार्टमध्ये स्ट्रीमिंग धरायचं तर नक्की कसं मोजायचं?

निंबोणी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे ते विचारतेय. लेकीच्या शाळेचं गॅदरिंग झालं, त्याआधी पंधरा दिवस आमच्या घरात एकच गाणं वाजत होतं, रोज वीस वेळा तरी, आणि ते पण पूर्ण नाही, पहिल्या कडव्यापर्यंत जायचं, कुणाची तरी स्टेप चुकायची की परत पहिल्यापासून. त्या अल्बममधलं दुसरं एकही गाणं आम्ही अजून ऐकलेलं नाही. त्याच पंधरा दिवसांत मी रात्री ओटा आवरताना एक जुना नऊ गाण्यांचा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत पाच-सहा वेळा ऐकला. म्हणजे तिचं एक गाणं ३०० वेळा आणि माझी सगळी मिळून पन्नासेक गाणी. आता सांगा, आमच्या घरात कुठला अल्बम ऐकला गेला?

विचारायचं कारण म्हणजे बिलबोर्ड ह्या अमेरिकेतल्या मासिकाचा नवा नियम. त्यांचा अल्बमचा चार्ट, बिलबोर्ड २००, डिसेंबर २०१४ पर्यंत नुसत्या विक्रीवर चालायचा. मग त्यांनी ठरवलं की १५०० स्ट्रीम झाले, म्हणजे अ‍ॅपवर त्यातली गाणी १५०० वेळा वाजली, की एक अल्बम विकला गेला असं धरायचं, किंवा १० गाणी डाउनलोड झाली तरी एक अल्बम. जुलै २०१८ मध्ये त्याचे दोन भाव केले, पैसे भरून ऐकणाऱ्यांचे १२५० आणि फुकट जाहिराती ऐकत ऐकणाऱ्यांचे ३७५०. आता जानेवारी २०२६ पासून ते १००० आणि २५०० झालेत. त्यावरून यूट्यूबनं आपले आकडे देणंच बंद केलं कारण त्यांचं म्हणणं दोन्ही प्रकारचं ऐकणं सारखंच धरा. सगळी भांडणं ह्या आकड्यावर चाललीयेत, १५०० का १२५० का १०००.

माझी अडचण वेगळीच आहे. हजारच्या हजार स्ट्रीम एकाच गाण्याचे असले तरी तिथे एक अल्बम मोजला जातो. मग त्याला अल्बमचा चार्ट का म्हणायचं, गाण्यांचा वेगळा हॉट १०० आहेच की त्यांच्याकडे! आपल्याकडे तर अल्बमचा अधिकृत चार्टच नाही, २०२१ च्या जूनमध्ये इंडियन म्युझिक इंडस्ट्री ह्या संस्थेनं टॉप २० सुरू केला तो परदेशी गाण्यांचा आणि तो पण सिंगल्सचा, म्हणजे सुट्या गाण्यांचा. उद्या कुणी मराठी अल्बमचा चार्ट काढायचा म्हटला तर कुठला नियम लावावा असं तुम्हाला वाटतं?

टेपरेकॉर्डर

निंबोणी ताई, माझं सांगलीला कॅसेटचं दुकान होतं, १९८८ ते २००६, त्यामुळे माझं मत विक्रीच्या बाजूनं पडणार हे आधीच सांगतो. गिऱ्हाईक काउंटरवर यायचं, ए बाजूचं पहिलं गाणं लावून दाखवा म्हणायचं, दोन मिनिटं ऐकायचं आणि खिशात हात घालायचं. तो खिशात हात घालणं म्हणजे माझ्या लेखी अल्बमला दिलेलं मत. घरी जाऊन त्यानं शंभरदा ऐकली का एकदाच ऐकून कपाटात ठेवली ते त्याचं तो बघेल. स्ट्रीमिंगमध्ये तसं काही ठरवावंच लागत नाही, एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू, माणूस आंघोळीला गेलेला असतो आणि इकडे मोजणी चालूच.

अडेल ह्या गायिकेचा २५ नावाचा अल्बम आला नोव्हेंबर २०१५ मध्ये, तेव्हा तो स्ट्रीमिंगवर ठेवलाच नव्हता, आणि अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात ३३ लाखांच्या वर प्रती गेल्या. लोकांना अल्बम हवा असेल तर लोक आजही विकत घेतात.

एक मात्र मान्य करतो की जुनी मोजणी फार चोख होती असं नाही. अमेरिकेत १९९१ पर्यंत दुकानदारांना फोन करून विचारायचे काय खपतंय, त्या वर्षी बारकोडवरचा खरा हिशेब घ्यायला लागले आणि कंट्री आणि रॅपचे अल्बम एकदम वर आले, म्हणजे ते आधीपासून खपत होते, सांगणाऱ्यांच्या तोंडी येत नव्हते एवढंच. आपली बिनाका गीतमाला पण रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पसंती अशावर चालायची. त्यामुळे मोजायची पद्धत बदलू नये असं माझं म्हणणं नाही, पण पैसे दिलेले असावेत.

लीड्सकर

टेपरेकॉर्डर काका, पैसे दिले म्हणजे अल्बम ऐकला हे पण आता राहिलं नाहीये. ऑक्टोबर २०२५ मध्ये टेलर स्विफ्टचा १२ गाण्यांचा अल्बम आला, अमेरिकेत पहिल्या आठवड्यात ४० लाख युनिट, म्हणजे विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून धरलेले अल्बम, त्यातली जवळजवळ ३४.८ लाख सरळ विक्री. पण तोच अल्बम वेगवेगळ्या कव्हरच्या, वेगवेगळ्या रंगांच्या तबकड्यांच्या तीसच्या वर आवृत्त्यांमध्ये होता आणि चाहते एकेक जण चार-चार घेतात. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीकडे तीन विनाइल आहेत आणि घरी प्लेअरच नाही. ती गाणी फोनवर ऐकते.

निंबोणी, तू जे विचारतेयस त्याचं निम्मं उत्तर इथे इंग्लंडमध्ये दिलेलं आहे आणि मला ते खरंच आवडतं म्हणून नीट लिहितो. इथल्या अल्बम चार्टनं मार्च २०१५ मध्ये स्ट्रीमिंग घ्यायला सुरुवात केली तेव्हा असं ठरवलं की अल्बममधली सगळ्यात जास्त ऐकलेली १२ गाणी घ्यायची, त्यातली पहिली दोन बाजूला काढायची, उरलेल्या दहांची सरासरी काढायची आणि त्या पहिल्या दोघांना तेवढेच आकडे द्यायचे. मग बेरीज करून हजारानं भागायचं आणि ते विक्रीत मिळवायचं.

उदाहरण करून बघ. समज दहा गाणी प्रत्येकी १० लाख वेळा ऐकली गेली आणि दोन हिट गाणी प्रत्येकी १ कोटी. सरळ हजारानं भागलं तर ३ कोटींचे ३०,००० अल्बम होतात. इथल्या त्या २०१५ च्या हिशेबानं त्या दोघांना पण १०-१० लाखच मिळतात, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख, म्हणजे १२,००० अल्बम. आणि ज्याचं एकच गाणं गाजलं आणि बाकीची कुणी ऐकलीच नाहीत त्याच्या हातात जवळजवळ काहीच पडत नाही. तुझ्या लेकीच्या गॅदरिंगचा प्रश्न सुटला ना! शिवाय इथल्या सिंगल्सच्या चार्टला स्ट्रीमिंग आलं २०१४ ला, तेव्हा एका माणसाचं एक गाणं दिवसाला १० वेळांपेक्षा जास्त धरायचं नाही असं ठेवलं होतं, म्हणजे तिच्या वीसमधले दहा तिथे पण गेले असते.

गाण्यांची संख्या तेव्हा १२ वर अडवली हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत तसं काही नाही म्हणून तिकडे अल्बम फुगत गेले, ख्रिस ब्राउनचा २०१७ चा ४५ गाण्यांचा, मॉर्गन वॉलनचा २०२३ चा ३६ गाण्यांचा, तो तर एकूण १९ आठवडे पहिल्या नंबरवर होता. त्या मानानं आपला सैराट घ्या, चार गाणी. आता हजार स्ट्रीमला एक अल्बम असा नियम लावला तर ३६ गाण्यांचा अल्बम २८ वेळा पूर्ण ऐकला की एक युनिट होतं आणि सैराट २५० वेळा ऐकायला लागतो. मराठी सिनेमांच्या अल्बमात चार-पाचच गाणी असतात बहुतेक वेळा, त्यांना हा अमेरिकन नियम लावणं म्हणजे सरळ सरळ अन्याय आहे. इंग्लंडचा पण जसाच्या तसा चालणार नाही, चारातली दोन बाजूला काढली तर राहतंय काय. एकच गाणं खाली आणावं लागेल आणि गाण्यांच्या संख्येनं भागावं लागेल.

मध्यलय

लीड्सकर, संख्येनं भागा हे ठीक आहे पण मला वाटतं मुळात मोजायचं एककच चुकलंय. तुम्ही सगळे 'एक स्ट्रीम' म्हणताय, पण एक स्ट्रीम म्हणजे किती? बहुतेक ठिकाणी ३० सेकंद वाजलं की एक. ३१ व्या सेकंदाला बंद केलं तरी एक आणि पाऊण तास डोळे मिटून ऐकलं तरी एकच.

माझ्यासारख्या ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हे फार लागतं. किशोरीताई आमोणकरांची ती भूप आणि बागेश्रीची एलपी घ्या, एका बाजूला एक राग, दुसऱ्या बाजूला दुसरा. बाजूला बावीसेक मिनिटं आणि दोन ट्रॅक धरले तर हजार स्ट्रीम व्हायला ती एलपी ५०० वेळा पूर्ण ऐकावी लागेल, म्हणजे २२,००० मिनिटं, म्हणजे ३६६ तास. तीन-तीन मिनिटांची गाणी असतील तर हजार स्ट्रीम ५० तासांत होतात. आणि नुसती तीस-तीस सेकंद लावून सोडून दिली तर सव्वाआठ तासांत. तिन्हीचं वजन एकच!! हे कुठल्या न्यायानं?

म्हणून ३६ गाण्यांवर मला तेवढा राग येत नाही, कुणी खरंच ३६ गाणी बसून ऐकत असेल तर त्यानं वेळ दिलाच ना. राग येतो तो वेळेचा हिशेबच नाही ह्याचा. आता गाणी दोन-दोन मिनिटांची व्हायला लागलीत, मुखडा पहिल्या पाच सेकंदात, आलापीला जागाच नाही, त्याला बाकी पण कारणं असतील पण ३० सेकंदांचा हा नियम त्यातलं एक आहे असं मी ठामपणे म्हणेन. माझे गुरुजी विलंबित लावताना पहिली दहा मिनिटं षड्जाच्या आसपासच असतात. तेवढ्यात तीस-तीस सेकंदांनी गाणी सोडणाऱ्याचे वीस स्ट्रीम होऊन गेले असते. मिनिटं मोजा, ऐकलेली मिनिटं. अ‍ॅपला सगळं माहीत असतं, आपण कुठल्या सेकंदाला सोडलं ते सुद्धा.

फ्रँकफुर्टवासी

इथे जर्मनीत तिसरंच आहे म्हणून सांगतो. इथला अल्बम चार्ट नगावर नाही, पैशावर चालतो, २००७ पासून. म्हणजे किती प्रती गेल्या हे नाही, तर त्यावर किती युरो खर्च झाले. त्यात २०१६ च्या फेब्रुवारीत स्ट्रीमिंग घेतलं तेव्हा फक्त पैसे भरून ऐकणाऱ्यांचं घेतलं, फुकटवाल्यांचं नाही. टेपरेकॉर्डर काकांना आवडेल हे.

पण राहून बघितल्यावर मला त्याचा तोटा दिसतो. इथे कंपन्या मोठमोठे बॉक्स सेट काढतात, टी-शर्ट, पोस्टर, काय काय घालून, आणि ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचं मत दोघा-तिघांच्या बरोबरीचं होतं. कॉलेजातली पोरं जाहिराती ऐकत फुकट ऐकतात त्यांचं मतच नाही. आपल्याकडे तर बहुतेक लोक फुकटच ऐकतात हो, गावाकडे माझे भाऊ-वहिनी यूट्यूबवरच भजनं लावतात सकाळी, सगळं घर ऐकतं. जर्मन नियम मराठीला लावला तर ती सगळी माणसं हिशेबातून बाहेर. अमेरिकेत निदान अडीच फुकटचे म्हणजे एक पैशाचा असं तरी धरलंय, ते मला जास्त बरं वाटतं.

निंबोणी

किती छान लिहिलंत सगळ्यांनी. मी मध्यलयांचं वाचून आमच्या घराचा हिशेब परत केला. लेकीचं गाणं ३०० वेळा पण दरवेळी साधारण चाळीस सेकंद, म्हणजे २०० मिनिटं. माझा अल्बम जेमतेम पन्नासेक गाणी पण पाच-पाच मिनिटांची, म्हणजे अडीचशे मिनिटं. म्हणजे स्ट्रीम मोजले तर तिचं माझ्या सहापट आणि मिनिटं मोजली तर माझंच जास्त! आणि त्यावर लीड्सकरांचं लावलं की तिच्या अल्बमला काहीच मिळत नाही, कारण बाकीची गाणी शून्य. हे मला बरोबर वाटतं, कारण तो अल्बम आम्ही खरंच ऐकलेला नाही, गाणं ऐकलं, आणि गाण्यांच्या चार्टात त्याला तीनशेच्या तीनशे द्या, माझी काही हरकत नाही.

फुकटवाल्यांना बाहेर ठेवायला माझा पण विरोध आहे. आमच्याकडे गेल्या वर्षापर्यंत फुकटच होतं, जाहिराती ऐकत, आणि म्हणून मी काही कमी मनापासून ऐकत नव्हते.

एकच शंका राहिली, मिनिटं मोजायला लागले तर उगाच लांबवलेली गाणी येतील का, शेवटचं ध्रुवपद आठ वेळा वगैरे?

मध्यलय

येतील की, पण लोक मध्येच सोडतील, आणि सोडलं की मिनिटं थांबली. तीस सेकंदांच्या नियमात ती भीतीच नाही कंपनीला.

टेपरेकॉर्डर

मिनिटांचं पटलं मला. दुकानात लोक आवडीच्या गाण्यांची यादी घेऊन यायचे, कॅसेट भरून द्या म्हणून, तेव्हा सगळीच दुकानं द्यायची, आणि त्या कशातच कधी मोजल्या गेल्या नाहीत. त्यात साठ मिनिटांची आणि नव्वद मिनिटांची असे दोनच भाव होते. कुणी नाट्यगीतं आणायचं, कुणी लग्नाच्या वरातीची गाणी, पण किती गाणी आहेत हे मी कधी विचारलं नाही, किती मिनिटं होतायत तेच वहीत मांडायचो. ती वही अजून आहे माळ्यावर, उद्या काढून बघतो कुठली गाणी पुन्हा पुन्हा येतात ते.