शरान्स्की: तुरुंगात ताठ, मंत्रिमंडळात?

अक्षांश:
केजीबीपुढे (सोव्हिएत गुप्त पोलिसांपुढे) तुरुंगात नऊ वर्षं न वाकलेले सोव्हिएत ज्यू बंडखोर नातान शरान्स्की १९९६ ते २००५ मध्ये इस्रायलच्या तीन पंतप्रधानांचे मंत्री झाले आणि स्वतःचाच मापदंड विसरले, असं माझं मत. मापदंड साधा होता: भर चौकात उभं राहून, अटकेची भीती न बाळगता मत मांडता येतं का? पॅलेस्टिनी नेते अराफत यांच्या राजवटीला त्यांनी तो लावला. इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेत १९६७ पासून इस्रायली लष्कराचा आदेश क्र. १०१ आहे. दहा माणसांनी राजकीय कारणासाठी जमायचं तरी लष्कराचा परवाना हवा, नाहीतर दहा वर्षांपर्यंत कैद. तिथे हा मापदंड लावला तर काय उत्तर येतं?

मतपेटी:
आधी तो ताठपणा कशातून आला ते बघा. सोव्हिएत संघ सोडायचा तर इस्रायलमधल्या नातेवाइकाचं आमंत्रण, कामाच्या ठिकाणचा दाखला, आईवडिलांची संमती, मग ओव्हीर या व्हिसा कार्यालयात अर्ज. दाखला मागितला की नोकरी धोक्यात. नोकरी गेली की ‘परोपजीवी’ (काम न करता जगणारा) म्हणून खटल्याची टांगती तलवार. शरान्स्कींनी १९७३ मध्ये अर्ज केला, नकार आला. १९७६ मध्ये मानवी हक्कांवर लक्ष ठेवणारा मॉस्को हेलसिंकी गट, १५ मार्च १९७७ ला अटक. आरोप अमेरिकेसाठी हेरगिरीचा; सीआयएशी संबंध नाही असं अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी जाहीर करूनही १३ वर्षांची शिक्षा. सुटका ११ फेब्रुवारी १९८६. असा माणूस खुर्चीला चिकटत नाही: २००० मध्ये पॅलेस्टिनींशी कॅम्प डेव्हिडला होणाऱ्या वाटाघाटींवरून, २००५ मध्ये गाझातून इस्रायलच्या माघारीवरून, दोनदा राजीनामा.

अक्षांश:
दोन्ही राजीनामे जमीन सोडण्याविरुद्ध. नागरी हक्कासाठी एकही नाही.

काळा उंट:
तुम्ही दोघं मतदानाची पद्धत विसरताय. १९९६ मध्ये मतदाराच्या हातात दोन चिठ्ठ्या होत्या, एक थेट पंतप्रधानासाठी, दुसरी पक्षासाठी. सोव्हिएत संघातून आलेल्या रशियनभाषकांना पंतप्रधान मोठ्या पक्षाचा आणि खासदार आपला, असं दोन्ही साधता आलं. म्हणून शरान्स्कींच्या नव्या पक्षाला १२० पैकी ७ जागा. १९९९ मध्ये दुसरे रशियनभाषक नेते लीबरमन यांनी त्याच मतदारांत शिरून ४ जागा नेल्या, तरी यांच्या ६ टिकल्या. २००३ मध्ये पुन्हा एकच चिठ्ठी आली आणि उरल्या २. मग लिकुड या मोठ्या उजव्या पक्षात विलीन. यात तत्त्वांचा संबंध थोडाच.

१९९९ ची खरी लढाई गृहखात्यासाठी होती. ते शास या कट्टर धार्मिक पक्षाकडून काढून आमच्याकडे द्या, हाच शरान्स्कींच्या पक्षाचा प्रचार. तिथलं गृहखातं पोलीस सांभाळत नाही, नागरिकांची नोंदणी सांभाळतं, म्हणजे कोणाची नोंद ज्यू म्हणून करायची तेही. ज्यूंना देशात येण्याचा हक्क देणाऱ्या कायद्याच्या १९७० च्या दुरुस्तीने ज्यूंच्या नातवंडांना, जोडीदारांनाही देशात घेतलं. पण आई ज्यू नसेल तर रब्बिनेट, म्हणजे ज्यूंची लग्नं लावणारी अधिकृत धर्मसंस्था, लग्न लावत नाही. (कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलींनाही १९६४ पर्यंत याच रब्बिनेटशी झगडावं लागलं.)

मतपेटी:
रब्बिनेटशी शरान्स्कीही भिडलेच की. जगभरच्या ज्यूंना इस्रायलशी जोडणाऱ्या ज्यू एजन्सीचे प्रमुख असताना जेरुसलेमच्या पवित्र पश्चिम भिंतीपाशी स्त्री-पुरुषांना एकत्र प्रार्थनेची जागा देण्याचा तोडगा त्यांनी पुढे रेटला, जानेवारी २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूरही केला.

अक्षांश:
आणि जून २०१७ मध्ये गोठवला. एजन्सीच्या प्रमुखाकडे शिफारस असते, सही नसते. सही हातात होती ती १९९९ च्या गृहखात्यात, आणि ते खातं त्यांनी वर्षभरात सोडलं.